वंगण संपत नाही, कूर्चा झिजते

अस्थिरोगतज्ज्ञाच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर अर्धा तास बसलं की तीन वाक्यं हमखास कानावर पडतात. ‘गुडघ्यातलं वंगण संपलंय’, ‘वाटी झिजलीये’ आणि ‘मणक्यात गॅप आलाय’. दुखणं तिन्ही ठिकाणी खरं असतं, निदान मात्र अर्धवट. ज्याला वंगण म्हणतात ते सांध्यातलं द्रव झिजलेल्या गुडघ्यात संपत नाही, उलट बऱ्याचदा वाढतं. गुडघ्यात पाणी झालं म्हणतात ते हेच. वाटी म्हणजे हाड. झिजतो तो तिच्या मागच्या बाजूचा गुळगुळीत थर. आणि मणक्यात गॅप पडत नाही, दोन मणक्यांमधली जागा उलट कमी होते, कारण मधली गादी चपटी होत जाते. या तिन्ही ठिकाणी बिघडलेली असते ती कूर्चा.

समज चुकला की उपायही चुकतो. वंगण संपलं असं वाटणारा माणूस ते भरणारं इंजेक्शन शोधतो. झीज वाचवायची म्हणून चालणं बंद करतो. गॅप भरून यावा म्हणून पट्टा बांधून महिनाभर पडून राहतो. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींनी कूर्चेचं थेट नुकसान होतं. म्हणून कूर्चा कुठं, कोणत्या प्रकारची आणि कशी जगते, हे थोडं समजून घेऊ.

मांसाहारी घरांत कूर्चा रविवारी हातात येतेच. कोंबडीची तंगडी शिजवण्याआधी तिचं सांध्याकडचं टोक उजेडात धरून बघा. हाडाच्या डोक्यावर निळसर पांढरा, ओला, चकचकीत थर दिसेल. नख फिरवलं तर कुठं अडत नाही, दाबलं तर किंचित दबतो आणि पुन्हा वर येतो. सुरीनं त्याचा काप काढला तर कुठं लाल शीर दिसत नाही. ही हायलाइन म्हणजे काचाभ कूर्चा. माणसाच्या गुडघ्यात हा थर साधारण २ ते ४ मिलिमीटर जाड असतो, वाटीच्या मागे त्याहून जाड. शाकाहारी वाचकांनी आपल्या कानाची वरची कड दुमडून सोडून द्यावी. ती टुणकन जागेवर येते. ती लवचिक कूर्चा. तिसरी, तंतुमय कूर्चा, अशी बाहेरून हाताला लागत नाही. ती मणक्यांच्या गाद्यांत आणि गुडघ्यातल्या चकत्यांत असते.

रक्त नाही, म्हणून

सांध्यातल्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. तिच्या वजनाचा ६५ ते ८० टक्के भाग पाणी. उरलेल्यात कोलॅजनचे धागे आणि पाणी धरून ठेवणारे मोठे रेणू. पेशी अगदी थोड्या, एकमेकींपासून लांब लांब बसलेल्या. या रचनेत भार पेलायची ताकद जबरदस्त आहे, पण तिची किंमतही मोजावी लागते.

पहिली किंमत म्हणजे कूर्चा भरून येत नाही. हाड मोडलं की तिथं रक्त साकळतं आणि त्यातूनच दुरुस्ती सुरू होते. इथं रक्तच नाही. लंडनमधले शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ साली रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात सांगितलं होतं की सांध्यातली कूर्चा एकदा नष्ट झाली की पूर्ववत होत नाही. ते आजही बहुतांशी खरं आहे. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१६ साली एक वेगळीच युक्ती वापरली. विसाव्या शतकाच्या मध्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ वाढला होता. त्याची खूण गुडघ्याच्या कूर्चेत शोधली, तेव्हा दिसलं की मोठेपणी तिथलं कोलॅजन जवळजवळ बदलतच नाही. विशीत जे धागे तुमच्या गुडघ्यात होते, साठीतही तेच असतात.

दुसरी किंमत म्हणजे कूर्चा दुखत नाही. मज्जातंतू नसल्यानं झीज सुरू झाल्याची वर्दी मिळत नाही. दुखतं ते खालचं हाड, सांध्याचं अस्तर, आजूबाजूचे लिगामेंट आणि स्नायू. त्यामुळे दुखायला लागेपर्यंत बराच काळ गेलेला असतो.

तिसरी गोष्ट मात्र आपल्या हातातली आहे. कूर्चेला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि ते आत शिरतं हालचालीमुळे. भिजलेला स्पंज दाबला की पाणी बाहेर येतं, सोडला की आत जातं, तसं प्रत्येक पावलाला कूर्चा दबते आणि सुटते. पाऊलच पडलं नाही तर तिची उपासमार होते. मणक्याच्या दुखापतीनं पाय निकामी झालेल्या लोकांच्या गुडघ्यातली कूर्चा पातळ होत गेल्याचं आढळलं आहे, ती वापरानं झिजलेली नसूनही. ‘गुडघे झिजतील म्हणून चालत नाही’ असं कुणी म्हणालं की मला म्हणूनच काळजी वाटते.

कान, बुगडी आणि आखाडा

लवचिक कूर्चा शरीरात मोजक्याच ठिकाणी असते: बाहेरचा कान, कानापासून घशाकडे जाणारी नळी, घास गिळताना श्वासनलिकेवर पडणारं झाकण. ती वयानं झिजत नाही, म्हणून तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पण तिच्याशी आपण जे करतो त्यावर दोन शब्द लिहायला हवेत.

कानाच्या पाळीत कूर्चा नसते. म्हणून बाळाची पाळी टोचली तर सहसा काही आठवड्यांत ती भरते. बुगडी आणि भिकबाळी घालतात ती जागा वेगळी. तिथं छिद्र थेट कूर्चेतून जातं. कूर्चेला तिथं पोषण मिळतं ते तिच्यावर चिकटलेल्या पातळ आवरणातून. जंतू आत शिरले, आवरणाखाली पू साठला की कूर्चा उपाशी राहते, मरते आणि कान कायमचा आक्रसतो. हल्ली लग्नाच्या फोटोंसाठी बुगडीची हौस पुन्हा आली आहे. हौस जरूर करावी, पण वरचा कान मॉलमधल्या बंदुकीनं टोचून घेऊ नये. बंदूक कूर्चेला चिरडते आणि ती नीट निर्जंतुक करणंही अवघड असतं. जाणकार व्यक्तीकडून, नव्या पोकळ सुईनं टोचून घ्यावा आणि भरायला काही महिने लागतील हे धरून चालावं. टोचल्यानंतर वरचा कान लाल, गरम आणि ठणकणारा झाला आणि पाळी मात्र ठीक असली, तर ते दुखणं कूर्चेचं आहे असं समजा आणि त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. हळद-तेल लावून वाट बघण्याची ही जागा नाही. नुसती दाबणारी बुगडी घातली तर यातलं काहीच होत नाही.

आखाड्यातली गोष्ट जरा निराळी. कोल्हापुरात गंगावेश तालमीत किंवा खासबाग मैदानावर गेलात तर जुन्या मल्लांचे कान बघा. घड्या बुजलेले, गाठी आलेले, हाताला टणक लागणारे. डावात कान चेंगरला की आवरण कूर्चेपासून सुटतं आणि मध्ये रक्त भरतं. सुरुवातीला तो फुगवटा मऊ, हलणारा असतो. तेव्हाच डॉक्टरांनी ते रक्त काढलं आणि आवरण पुन्हा चिकटून राहावं म्हणून दाबपट्टी बसवली तर कानाचा आकार वाचतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत गेलं तर उत्तम, आठवडा उलटला की काम अवघड होतं. तसंच सोडलं तर रक्ताच्या जागी कडक तंतू तयार होतात आणि कान तसाच राहतो. फुटका कान ही पैलवानाची खूण म्हणून मिरवली जाते आणि त्या अभिमानाशी माझं भांडण नाही. पण तेरा-चौदा वर्षांच्या पोराचा कान फुगला तर तालमीतच सिरिंज टोचून रक्त काढू नये. त्यात जंतू गेले की आकार जाणं हा त्यातल्या त्यात लहान तोटा ठरतो. सरावात कानाचं संरक्षक कवच वापरायला वस्तादांनीच सांगितलं तर पोरं ऐकतील.

वाढत्या वयातले सांधे

नवजात बाळाच्या सांगाड्याचा मोठा भाग कूर्चाच असतो. पुढे तिचं हाड होत जातं. मोठ्या माणसाची हाडं २०६, बाळाची त्याहून कितीतरी जास्त, कारण पुढे जुळून एक होणारे तुकडे तेव्हा सुटे असतात. कवटी याला थोडी अपवाद आहे. तिची वरची हाडं कूर्चेतून नाही, पडद्यातून बनतात आणि तंतुमय सांध्यांनी एकमेकांना धरून असतात. पुढची टाळू साधारण १२ ते १८ महिन्यांत भरते, ती तेलानं भरत नाही. हलक्या हातानं तेल लावायला हरकत नाही, पण डोक्याला आकार यावा म्हणून दाबू नये. टाळू खोल गेलेली दिसली आणि बाळाला जुलाब होत असतील तर शरीरातलं पाणी कमी झालंय. ताप आहे आणि बाळ रडत नसतानाही टाळू फुगलेली, ताठ दिसते, तर ताबडतोब रुग्णालय गाठा.

खुबा हा उखळीचा सांधा. जन्मतः मांडीच्या हाडाचा गोळा कूर्चेचा आणि त्याची उखळही बरीचशी कूर्चेचीच. दोन्ही मऊ असल्यानं पहिल्या काही महिन्यांत पाय ज्या स्थितीत राहतात, त्याप्रमाणे उखळीला आकार येतो. आपल्याकडे बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळताना पाय सरळ ओढून बांधायची पद्धत आहे. ‘पाय सरळ राहतात’ अशी समजूत त्यामागे असते. प्रत्यक्षात असे सरळ, जोडलेले पाय खुब्याचा गोळा उखळीबाहेर ढकलतात आणि सांधा निखळलेला राहण्याचा धोका वाढवतात. हात गुंडाळा, पण पाय बेडकासारखे दुमडून बाहेरच्या बाजूला पडायला मोकळी जागा ठेवा. मान धरायला लागल्यावर बाळाला कडेवर घेण्याची आपली रीत खुब्यासाठी मात्र फार चांगली, कारण तेव्हा मांड्या फाकलेल्या असतात. बाळ पायाळू असेल, किंवा आई-वडिलांना वा भावंडाला असा त्रास झालेला असेल, तर बालरोगतज्ज्ञांना खुबा तपासायला आवर्जून सांगा. पहिल्या चार-सहा महिन्यांत गोळ्याचं हाड बनलेलं नसतं, तो एक्स-रेत दिसत नाही. म्हणून सोनोग्राफी करतात.

लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची पातळ पट्टी असते, तिच्यामुळे उंची वाढते. मुलींमध्ये ती साधारण १४-१५ आणि मुलांमध्ये १६-१७ वर्षांच्या सुमाराला हाडात मिसळून जाते. तोवर ती सांध्याजवळचा सर्वांत कच्चा दुवा असते, लिगामेंटपेक्षाही कच्ची. म्हणून मोठ्यांमध्ये ज्या मारानं पाय नुसता मुरगळतो, त्याच मारानं दहा वर्षांच्या मुलाची ही पट्टी सरकू शकते. सायकलवरून पडलेल्या मुलाचं मनगट किंवा घोटा सुजला, हाडावर दाबलं की दुखतं, पायावर भार देत नाही, तर चोळायला, ओढायला हाडवैद्याकडे नेऊ नका. एक्स-रे काढा. पट्टी बिघडली तर तो हात किंवा पाय पुढे आखूड किंवा वाकडा वाढू शकतो.

गाद्या आणि चकत्या

तंतुमय कूर्चा ही दणके खाणाऱ्या जागांची कूर्चा. मणक्यांच्या मधल्या २३ गाद्या, जांघेच्या वर पुढच्या बाजूचा ओटीपोटाच्या हाडांचा जोड, गुडघ्यातल्या दोन चंद्रकोरीसारख्या चकत्या. यातले पहिले दोन कूर्चामय सांधे. त्यांत पोकळी नसते आणि हालचाल थोडीच होते. दिवसभराच्या भारानं मणक्यांच्या गाद्यांतलं पाणी पिळून निघतं, रात्री आडवं झाल्यावर ते परत येतं, त्यामुळे सकाळी माणूस सेंटिमीटरभर उंच भरतो. झोपेतून उठल्यावर गाद्या पाण्यानं टम्म असतात, म्हणून उठल्या उठल्या वाकून बादली उचलू नये. अर्धा तास घरात हिंडून मग.

एमआरआयचा अहवाल हातात पडला की ‘डिस्क बल्ज’ हे शब्द वाचून माणूस हादरतो. २०१५ साली एका आढाव्यात पाठ अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांवर लोकांचे स्कॅन एकत्र पाहिले गेले. त्यात गादी पुढे आल्याचं विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्के लोकांत दिसलं. म्हणजे हा बदल पांढऱ्या केसांच्या पंगतीतला. गादी खरंच सरकून पायात कळ जात असली तरी बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेविना आराम पडतो, तोही चालतं-फिरतं राहून. अपवाद एक, आणि तो घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा: पाठदुखीबरोबर लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, मांड्यांच्या आतला आणि बसायचा भाग बधिर झाला, पायातली ताकद जाऊ लागली, तर त्याच रात्री रुग्णालयात जायचं.

गुडघ्यातल्या चकत्यांची कहाणी कबड्डीपटूंना ठाऊक असते. पकडीत पाय रोवलेला, अंग वळलं, आत ‘कट’ झालं. चकतीच्या बाहेरच्या कडेला थोडं रक्त पोचतं, तिथला छेद शिवला तर भरतो. आतल्या भागातला भरत नाही. गुडघा अर्ध्यात अडकून सरळच होत नसेल तर लवकर दाखवा. पन्नाशीनंतर नुसत्या वयानं चिरलेल्या चकतीची गोष्ट मात्र वेगळी. फिनलंडमध्ये २०१३ साली वयानं चकती चिरलेल्या रुग्णांच्या एका गटाची चकती दुर्बिणीतून कापली आणि दुसऱ्या गटाला फक्त छेद देऊन तसंच ठेवलं. वर्षभरानं दोन्ही गट सारखेच बरे होते. खेळाडूचा सल्ला आजोबांना लावू नये, एवढाच याचा अर्थ.

हलणारे सांधे

शाळेच्या पुस्तकातले सांधे बहुतेकांना आठवत असतील. कोपर, गुडघा बिजागरीचे. खांदा, खुबा उखळीचे. मनगटातली हाडं एकमेकांवर सरकणारी. मानेतला वरचा सांधा खुंटीभोवती फिरणारा, ज्यानं आपण ‘नाही’ म्हणतो. या सगळ्यांत काचाभ कूर्चेचा थर, द्रव, अस्तर आणि पिशवी अशी एकच मांडणी असते. बोटं मोडल्यावर आवाज येतो तो याच द्रवातल्या वायूच्या पोकळीमुळे. त्यानं संधिवात होतो का, हे पाहायला डोनाल्ड अंगर या अमेरिकन डॉक्टरांनी ५० वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली आणि १९९८ साली दोन्ही हात सारखेच असल्याचं प्रसिद्ध केलं. त्यांना २००९ मध्ये इग नोबेल हे गमतीशीर संशोधनाला दिलं जाणारं पारितोषिक मिळालं. एका माणसावरून शास्त्र ठरत नाही, पण नातवाला ओरडायचं कारण तेवढं कमी झालं.

अंगठ्याच्या बुंध्याच्या सांध्याकडे मात्र फार दुर्लक्ष होतं. तो खोगिरासारखा सांधा, चारही दिशांना हलतो. चाळिशी-पन्नाशीनंतर बायकांचा तो लवकर झिजतो. बरणीचं झाकण उघडताना, चादर पिळताना, कुलपात किल्ली फिरवताना कळ येते ती तिथली. भांड्यांचे दांडे जाड करून घ्या, लाटण्याला, चाकूच्या मुठीला कापड गुंडाळा, पिळायचं काम यंत्रावर सोपवा. अंगठ्याला आधार देणारा पट्टाही मिळतो आणि तो कामाच्या वेळेपुरता घातला तरी फरक पडतो.

आता गुडघा. इथं तीन गोष्टी सर्वांत जास्त काम करतात आणि त्यातल्या पहिल्या दोन फुकटात होतात. पहिली वजन. जाड व्यक्तींच्या अभ्यासात दिसलं की वजन एक किलोनं उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं कमी होतो. पाच किलो उतरवले तर दिवसाच्या हजारो पावलांचा हिशेब तुम्हीच करा.

दुसरी मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद. खुर्चीत बसून एक पाय सरळ करा, पंजा स्वतःकडे ओढा, मांडी आवळून पाच सेकंद धरा, सोडा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा. महिनाभरानं हात न टेकता खुर्चीतून उठायला-बसायला लागा, आधी उंच खुर्चीवरून, मग बेतशीर उंचीच्या. व्यायामात थोडं दुखलं तर घाबरू नका. नियम असा, की दुखणं सोसवण्याइतकं हवं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत मूळपदावर यायला हवं. आलं नाही तर आवर्तनं कमी करा, बंद करू नका. चालण्याबरोबर सायकल चांगली, कमरेएवढ्या पाण्यात चालणंही चांगलं.

तिसरी जमिनीवरचं बसणं. खोल उकिडवं बसल्यावर वाटी आणि मांडीचं हाड यांच्यातला दाब शरीराच्या वजनाच्या कित्येक पटींनी वाढतो. ज्यांचे गुडघे निरोगी आहेत आणि ज्यांना सवय आहे त्यांनी मांडी घालून जेवणं सोडू नये. ती हालचाल टिकवण्यासारखी आहे. पण ज्यांना आधीच दुखतंय त्यांनी उकिडवं बसून भांडी घासणं, भाजी निवडणं बंद करावं आणि संडासात कमोड बसवून घ्यावा किंवा वर ठेवायची खुर्ची आणावी. तो खर्च औषधांच्या आधी करा, असं माझं मत आहे. घरोघरी उलटं होताना दिसतं.

बाजारात मिळणाऱ्या गोष्टी

कॅल्शियमच्या गोळ्या हाडांसाठी असतात, त्यांनी कूर्चा वाढत नाही. मटणाचा पाया मला स्वतःला फार आवडतो, पण त्यातलं कोलॅजन पोटात पचून साधं प्रथिन होतं, ते निवडून गुडघ्यात जाऊन बसत नाही. महागड्या कोलॅजन पावडरीकडूनही गुडघ्यात नवी कूर्चा येईल अशी आशा धरू नये. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन यांची अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. २००६ साली निकाल आला तेव्हा एकूण रुग्णांत या गोळ्या नकली गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. रुग्णाच्याच रक्तातून काढून देतात ते पीआरपी इंजेक्शन ऑस्ट्रेलियात गुडघ्याच्या २८८ रुग्णांच्या चाचणीत पडताळून पाहिलं. २०२१ चा निकाल सांगतो की ते मिठाच्या पाण्यापेक्षा वरचढ नव्हतं. स्टिरॉइडचं इंजेक्शन असह्य दुखण्यात काही आठवडे आराम देतं, पण दर तीन महिन्यांनी दोन वर्षं घेतलेल्यांची कूर्चा जास्त पातळ झाल्याचं २०१७ मध्ये दिसलं. ‘स्टेम सेलनं नवा गुडघा’ अशी जाहिरात दिसली की पान उलटा. दुखऱ्या जागी लावायचा डायक्लोफेनॅक जेल मात्र गुडघ्याला आणि बोटांना उपयोगी पडतो आणि पोटाला फारसा लागत नाही. तेच औषध गोळीच्या रूपात स्वतःच्या मनानं रोज घेऊ नका, विशेषतः रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर. शेकानं कूर्चा भरत नाही, पण स्नायू सैलावतात आणि बरं वाटतं, जरूर घ्या.

डॉक्टरकडे जाताना

एक्स-रेत कूर्चा दिसत नाही. दोन हाडांमध्ये जी काळी फट दिसते तिच्या जागी ती असते, आणि फट अरुंद झाली म्हणजे कूर्चा घटली असं अनुमान काढतात. म्हणून गुडघ्याचा एक्स-रे उभं राहून, भार देऊन काढायचा. झोपवून काढला तर फट खरी कळत नाही. तंत्रज्ञाला तसं सांगायला लाजू नका. आणि फिल्म कितीही वाईट दिसली तरी शस्त्रक्रियेचा निर्णय फिल्मवरून घ्यायचा नसतो, तुम्हाला काय करता येत नाही त्यावरून घ्यायचा असतो.

सकाळी सांधे आखडतात किती वेळ, हे नेमकं सांगा. दहा-वीस मिनिटांत सुटत असतील तर बहुधा झीज. तासभर आखडलेले राहत असतील, दोन्ही हातांची बोटं, मनगटं सुजत असतील, तर तो आमवात असू शकतो. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच कूर्चेवर उठते, आणि आता त्यावर कूर्चा वाचवणारी औषधं आहेत. ती पहिल्या काही महिन्यांत सुरू झाली तरच खरा फायदा. एकच सांधा अचानक लाल, गरम, सुजलेला आणि अंगात ताप, विशेषतः लहान मुलात पाय टाकायला नकार, हे सांध्यातल्या जंतुसंसर्गाचं लक्षण समजा. पू कूर्चेला काही दिवसांत विरघळवतो. छातीच्या फासळ्या पुढे कूर्चेनंच जोडलेल्या असतात, तिथंही सूज येऊन दुखतं आणि बोटानं दाबल्यावर कळ येते. पण चाळिशीपुढच्या माणसानं आधी ईसीजी काढावा, फासळीचा विचार नंतर.

सगळं करूनही रात्रीची झोप उडत असेल, शंभर पावलं चालवत नसेल, तर गुडघा बदलण्याचा विचार करायला हरकत नाही. पंतप्रधान असताना अटलबिहारी वाजपेयींचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी २००० आणि २००१ साली बदलले, तेव्हा या शस्त्रक्रियेचं नाव घरोघरी पोचलं. ऑगस्ट २०१७ पासून केंद्र सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली आहे. त्यामुळे बिलात सांध्याची किंमत आणि बाकी खर्च वेगळे दाखवायला सांगा. शस्त्रक्रियेच्या आधी दोन महिने वर दिलेला मांडीचा व्यायाम नेमानं करा, साखर आटोक्यात आणा, किडलेला दात, लघवीचा जंतुसंसर्ग, पायाची चिघळलेली भेग आधी बरी करून घ्या. धातूच्या सांध्याला एकदा जंतू चिकटले की तो बहुतेक वेळा पुन्हा उघडावाच लागतो.